निकाल ठरलेला, तरी पट्ट्याला मोल कसले? एनडब्ल्यूए जगज्जेतेपदाची कहाणी

व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे आता गुपित राहिलेले नाही. टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या शाळकरी मुलांनाही ते ठाऊक असते. तरीही याच कुस्तीत जगज्जेतेपदांच्या वंशावळी जपल्या जातात, कोणत्या मल्लाकडे कोणता पट्टा किती काळ होता यावर हिरिरीने वाद होतात, आणि वडिलांनी एकेकाळी मिरवलेला पट्टा हाती आला म्हणून कोडी रोड्स यांच्यासारख्या मल्लाच्या डोळ्यांत रिंगमध्येच पाणी येते. जी लढत खरी नाही, तिच्या बक्षिसाला इतिहास कसा असू शकतो, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेतल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या, म्हणजेच एनडब्ल्यूएच्या, जागतिक हेवीवेट किताबाइतके चांगले उदाहरण नाही. हा किताब जन्मापासून कोणा एका कंपनीचा नव्हता. स्वतंत्र आयोजकांनी एकमेकांवर पूर्ण भरवसा नसतानाही तो एकत्र सांभाळला. पुढे बड्या कंपन्यांनी तो वापरून बाजूला टाकला आणि छोट्या, स्वतंत्र मैदानांवर तो पुन्हा तग धरून राहिला.

पट्टा हे नेमके कशाचे चिन्ह?

आयोजक म्हणजे सभागृह भाड्याने घेऊन, मल्लांना बोलावून, तिकिटे विकून कुस्तीचा खेळ लावणारा माणूस. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिका आणि शेजारचा कॅनडा अशा आयोजकांच्या इलाक्यांमध्ये विभागलेले होते. सेंट लुईस एकाचे, कॅन्सस सिटी दुसऱ्याचे, टोरांटो तिसऱ्याचे, आणि एकाने दुसऱ्याच्या इलाक्यात खेळ लावायचा नाही, असा अलिखित दंडक होता.

अशा व्यवस्थेत जगज्जेता हा सर्वांनी मिळून वापरायचा पाहुणा असतो. आपल्याकडे जत्रेचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या यात्रा कमिट्या नारायणगावला जाऊन नामांकित तमाशा फडाला सुपारी देतात. फडाचे नाव मोठे असेल तर पंचक्रोशीतून माणसे येतात आणि जत्रा गाजते. जगज्जेत्याचे गणित तसेच होते. तो इलाक्यात यायचा, तिथल्या लोकप्रिय मल्लाशी लढायचा, तिकिटे खपायची, आणि पट्टा घेऊन तो पुढच्या गावाला निघून जायचा.

त्याचे कसब या जाण्यातच होते. स्थानिक मल्लाला सरळ चीतपट केले, तर त्या मल्लाचे नाव पडते आणि पुढच्या आठवड्यात त्याला पाहायला कोणी येत नाही. म्हणून जगज्जेता बहुतेक वेळा हरता हरता वाचायचा. कधी साठ मिनिटांची पूर्ण मुदत संपून लढत बरोबरीत सुटायची. कधी तो नियम मोडून बाद व्हायचा, कारण बाद झाल्याने लढत गमावली तरी पट्टा जात नसे. प्रेक्षक घरी जाताना म्हणायचे की आपला गडी जगज्जेत्याच्या तोडीस तोड आहे, फक्त नशीब आडवे आले. रोज नव्या गावात, नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर, पाऊण-एक तास हा परिणाम साधणे सोपे नाही. ज्याला ते जमेल त्यालाच पट्टा दिला जात असे, आणि म्हणून या किताबाची यादी मी विश्वासाची यादी म्हणून वाचतो: कोणत्या काळात, किती आयोजकांनी, कोणत्या माणसाच्या हाती आपला धंदा सोपवला, याची ती नोंद आहे.

ठरलेला निकाल कोणी पाळलाच नाही तर?

ही शंका रास्त आहे, आणि तसे घडलेही होते. जानेवारी १९२५ मध्ये वेन मन नावाच्या धिप्पाड माजी फुटबॉलपटूला जगज्जेता करण्यात आले. मन दिसायला भव्य होते, पण त्यांना खरी कुस्ती येत नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्यांची लढत पोलंडचे स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांच्याशी ठरली. झ्बिस्को यांनी ठरल्याप्रमाणे हरण्याऐवजी मन यांना पुन्हा पुन्हा खरोखर चीत केले आणि किताब प्रतिस्पर्धी आयोजकांच्या गोटात नेला. हे तेच झ्बिस्को, ज्यांना १९२८ मध्ये पतियाळ्यात गामा पहिलवानांनी एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. १९२५ मध्ये वयाची पंचेचाळिशी उलटलेली असली, तरी या मल्लाला अडवणे मन यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

या दगाफटक्याचा धडा आयोजक विसरले नाहीत. जगज्जेता असा हवा, की कोणी ठरलेला निकाल मोडून खरी कुस्ती सुरू केली तरी तो तिथेच त्याचा बंदोबस्त करू शकेल. नाटकातल्या राजाला खरी तलवार चालवता आलीच पाहिजे, अशी ही विचित्र अट होती. एनडब्ल्यूएच्या विजेत्यांमध्ये डिक हटन आणि जॅक ब्रिस्को यांच्यासारखे अमेरिकी विद्यापीठ कुस्तीचे राष्ट्रीय विजेते आढळतात त्याचे कारण हेच. हटन तर १९४८ च्या ऑलिंपिकमध्येही उतरले होते.

१९४८: वॉटर्लूची बैठक

जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातले काही आयोजक एकत्र आले. पुढाकार डे मॉइनचे पिंकी जॉर्ज यांचा होता. सेंट लुईसचे सॅम मचनिक हेही या गटातले, आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे संघटनेचा कारभार मुख्यतः त्यांनीच चालवला. त्या काळी देशात एकाच वेळी अनेक ‘जगज्जेते’ फिरत होते आणि त्यामुळे कोणाच्याच शब्दाला वजन उरले नव्हते. आपण सगळे मिळून एकच जगज्जेता मानू, एकमेकांच्या इलाक्यात शिरणार नाही आणि मल्लांची देवाणघेवाण करू, असे या मंडळींनी ठरवले. पहिला मान कॅन्सस सिटीचे ऑर्व्हिल ब्राउन यांना मिळाला.

पण सेंट लुईसमध्येच आणखी एक जगज्जेता होता. लू थेझ यांच्याकडे नॅशनल रेसलिंग असोसिएशन या वेगळ्या संघटनेचा किताब होता; दोन्ही संघटनांची आद्याक्षरे एकच असल्याने जुन्या नोंदी वाचताना आजही गोंधळ होतो. नोव्हेंबर १९४९ मध्ये ब्राउन आणि थेझ यांची लढत होऊन दोन्ही किताब एक व्हावेत, असे ठरले होते. लढतीच्या काही आठवडे आधी ब्राउन मोटार अपघातात जबर जखमी झाले आणि त्यांची कारकीर्द संपली. मग संघटनेने बैठकीत थेझ यांनाच विजेता म्हणून मान्यता दिली.

या किताबाला जी प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने थेझ यांची कमाई आहे, असे माझे मत आहे. १९४९ च्या अखेरीपासून मार्च १९५६ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, पट्टा त्यांच्याकडे राहिला. मे १९५२ मध्ये हॉलिवूडच्या गिलमोर फील्डवर त्यांनी बॅरन मिकेले लिओनी यांना हरवले, त्या लढतीची तिकीटविक्री १ लाख डॉलरच्या पुढे गेली. कुस्तीत तोवर असे घडले नव्हते. या विजयाने कॅलिफोर्नियातला एक स्वतंत्र दावाही एनडब्ल्यूएच्या किताबात विलीन झाला. अनेक नद्या एका पात्रात आणण्याचे हे काम थेझ यांनी वर्षानुवर्षे केले.

मतदान आणि अनामत

पुढचा जगज्जेता कोण, याचा निर्णय सदस्य आयोजकांचे संचालक मंडळ मतदानाने करत असे. निवडलेल्या मल्लाला संघटनेकडे अनामत रक्कम ठेवावी लागे. पुढच्या काळात ती २५ हजार डॉलर होती. ठरलेल्या वेळी पट्टा परत दिला नाही, किंवा तो घेऊन दुसऱ्याच्या गोटात गेला, तर रक्कम जप्त व्हायची. त्याच्या तारखा मध्यवर्ती पातळीवर ठरत आणि तिकीटविक्रीतला ठरावीक हिस्सा त्याला मिळे. पट्टा कागदोपत्री संघटनेचा असे. मल्ल हा त्याचा विश्वस्त.

म्हणजे रिंगमधला निकाल ठरलेला असला, तरी रिंगबाहेरची निवडणूक खरी होती. तिच्यात गट पडत, रुसवेफुगवे होत, सौदे होत. मल्लांच्या दृष्टीने ती निवड त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी पावती होती, कारण ती प्रेक्षकांच्या टाळ्यांवर नव्हे, तर पैसे गुंतवणाऱ्या माणसांच्या हिशेबावर ठरत असे.

ही मक्तेदारीच नव्हे का?

होय, आणि हा आक्षेप सर्वांत आधी अमेरिकेच्या सरकारने घेतला. इलाके वाटून घेणे, बाहेरच्या आयोजकाला मल्ल मिळू न देणे, ऐकले नाही तर मल्लावर बहिष्कार टाकणे, हे सारे बाजारातली स्पर्धा मारणारे होते. १९५६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने एनडब्ल्यूएविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आयोवात दावा दाखल केला आणि त्याच वर्षी संघटनेने तडजोडीचा हुकूमनामा मान्य करून या प्रथा सोडण्याचे कबूल केले. सवयी एका रात्रीत सुटल्या नाहीत, पण बंड करणाऱ्याला उघडपणे दडपणे अवघड झाले. किताबाच्या वैभवाबद्दल बोलताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नाही: तोच विश्वास, तीच एकजूट, बाहेर राहिलेल्या माणसासाठी भिंत होती.

फाटाफूटही लवकरच सुरू झाली. जून १९५७ मध्ये शिकागोत एदुआर कार्पेंतिए यांनी, एव्हाना पुन्हा विजेते झालेल्या थेझ यांना हरवल्याचे जाहीर झाले, पण निकाल वादग्रस्त ठरला आणि मंडळाने अखेर थेझ यांनाच विजेता मानले. ज्यांना हे पटले नाही त्यांनी कार्पेंतिए यांच्या विजयाच्या आधारे आपापले स्वतंत्र जगज्जेते उभे केले. १९६० मध्ये मिनियापोलिसचा गट बाहेर पडला आणि त्याने व्हर्न गान्ये यांना आपला विजेता मानले.

डब्ल्यूडब्ल्यूईचा जन्म याच भांडणातून

३० जून १९६१ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर बडी रॉजर्स यांनी पॅट ओ’कॉनर यांच्याकडून किताब घेतला, तेव्हा ३८ हजारांहून अधिक प्रेक्षक हजर होते. रॉजर्स कमालीचे लोकप्रिय होते. पण त्यांच्या तारखा ईशान्येकडचे आयोजक व्हिन्सेंट मॅकमन आणि टूट्स माँट यांच्या हातात होत्या. जगज्जेता बहुतेक वेळ न्यूयॉर्कच्या परिसरातच खेळू लागला आणि बाकीच्या इलाक्यांचे आयोजक तारखांसाठी ताटकळत राहिले. ज्या वस्तूवर सर्वांचा हक्क, ती एकाच्याच अंगणात अडकली.

मंडळाने तोडगा म्हणून पुन्हा थेझ यांना बोलावले. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरांटोत लढत झाली. थेझ तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते, पण खरी कुस्ती करायची वेळ आली तर रॉजर्स त्यांच्यापुढे टिकणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होते. किताब थेझ यांच्याकडे गेला. मॅकमन यांच्या गटाने हा बदल मानला नाही, वेगळी संघटना काढली आणि रॉजर्स यांनाच आपला पहिला विजेता ठरवले. मे १९६३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर ब्रुनो सामार्तिनो यांनी रॉजर्स यांना एका मिनिटाच्या आत हरवले. तीच संघटना पुढे डब्ल्यूडब्ल्यूई झाली. आज ज्या कंपनीचे नाव म्हणजेच कुस्ती असे अनेकांना वाटते, ती एनडब्ल्यूएच्या किताबावरच्या भांडणातून निघालेली शाखा आहे.

वैभवाची दोन दशके

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण व्यवस्था नीट चालत असली की सांगण्यासारखे भांडण कमी असते. जीन किनिस्की यांच्यानंतर डॉरी फंक ज्युनियर यांच्याकडे किताब चार वर्षांहून अधिक राहिला. मग ब्रिस्को, टेरी फंक, हार्ली रेस आणि डस्टी रोड्स यांच्या हाती तो फिरला. डिसेंबर १९७४ मध्ये जायंट बाबा यांनी कागोशिमात ब्रिस्को यांना हरवून तो आठवडाभर जपानकडे ठेवला. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीत रिक फ्लेअर पहिल्यांदा विजेते झाले आणि रात्रंदिवस प्रवास करणाऱ्या जगज्जेत्याची परंपरा त्यांनी शेवटच्या टोकाला नेली.

तोवर जमीन सरकू लागली होती. मॅकमन यांच्या मुलाने केबल टीव्हीच्या जोरावर देशभर खेळ लावायला सुरुवात केली. घरबसल्या मोठमोठे मल्ल दिसू लागल्यावर इलाकेच उरले नाहीत, आणि इलाके उरले नाहीत तर सर्वांनी मिळून वापरायच्या जगज्जेत्याची गरज कोणाला? एनडब्ल्यूएमधला सर्वांत मोठा आयोजक जिम क्रॉकेट यांचा व्यवसायही १९८८ मध्ये टेड टर्नर यांच्या उद्योगसमूहाने विकत घेतला आणि त्यातून डब्ल्यूसीडब्ल्यू ही कंपनी झाली.

२५ हजार डॉलरचा हिशेब

१९९१ च्या उन्हाळ्यात करारावरून वाद होऊन डब्ल्यूसीडब्ल्यूने फ्लेअर यांना काढून टाकले. पट्टा त्यांच्याकडेच होता. त्यांनी आपली २५ हजार डॉलरची अनामत व्याजासह परत मागितली, ती मिळाली नाही, आणि फ्लेअर पट्टा घेऊन प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. तिथल्या टीव्ही कार्यक्रमात तो पट्टा झळकला, त्यांना ‘खरा जगज्जेता’ म्हणून मिरवले गेले, आणि प्रकरण वकिलांपर्यंत पोहोचले.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा प्रसंग. अनामत घेण्याची पद्धत नेमकी याच संकटासाठी होती. मल्लाने विश्वास मोडू नये म्हणून ती होती. पण रक्कम ज्याच्याकडे आहे त्यानेच ती परत दिली नाही तर काय, याची तरतूद जुन्या आयोजकांनी केलीच नव्हती. ते एकमेकांना ओळखत होते आणि वर्षाकाठी एका टेबलाभोवती बसत होते. कंपनीच्या अधिकाऱ्याला त्या टेबलाची आठवण नव्हती.

फेकून दिलेला पट्टा तोच राहतो का?

सप्टेंबर १९९३ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू एनडब्ल्यूएतून बाहेर पडली. उरले ते छोटे आयोजक. त्यांनी २७ ऑगस्ट १९९४ रोजी फिलाडेल्फियात ईसीडब्ल्यू या स्थानिक संस्थेच्या मैदानावर स्पर्धा घेतली. शेन डग्लस जिंकले, त्यांनी हाती आलेला एनडब्ल्यूएचा पट्टा सर्वांसमोर जमिनीवर टाकला आणि ईसीडब्ल्यूचाच पट्टा जगज्जेतेपदाचा आहे, असे जाहीर केले. एनडब्ल्यूएच्या पदाधिकाऱ्यांना याची कल्पना नव्हती. १९२५ मधल्या फिलाडेल्फियाप्रमाणे इथेही ठरल्याविरुद्ध घडले, फक्त अंगबळाची गरज पडली नाही.

इथे कोणी विचारेल की मोठे आयोजक गेले, पट्टा धुळीत पडला, मग पुढचा किताब तोच कसा म्हणायचा? माझ्या मते उत्तर मान्यतेत आहे. शिल्लक सदस्यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये नवी स्पर्धा घेतली आणि क्रिस कँडिडो यांना विजेता मानले. वंशावळ तुटली नाही, फक्त तिला मानणारी माणसे कमी झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये डॅन सेव्हर्न यांनी तो जिंकला आणि काही आठवड्यांतच यूएफसीची खऱ्याखुऱ्या लढतींची स्पर्धाही जिंकून दाखवली. चार वर्षांनी योकोहामात त्यांना हरवणारे नाओया ओगावा हे ज्युदोतले ऑलिंपिक रौप्यपदक विजेते होते. आयोजक गरीब झाले होते, तरी जगज्जेत्याला खरे लढता आले पाहिजे ही जुनी अट त्यांनी सोडली नाही, याचे मला कौतुक वाटते.

२००२ ते २००७ हा किताब टीएनए कंपनीकडे होता. नंतर तो पुन्हा स्वतंत्र मैदानांवर आला. ॲडम पिअर्स यांनी तो पाच वेळा मिळवला, मेक्सिकोचे मुखवटाधारी ब्लू डेमन ज्युनियर यांनीही तो मिरवला. ऑक्टोबर २०१२ मध्ये पिअर्स आणि कोल्ट कबाना यांच्या दीर्घ मालिकेची शेवटची लढत ऑस्ट्रेलियात झाली, पण संघटनेच्या नव्या नेतृत्वाने ती किताबाची लढत मानायला नकार दिला. लढत झाली, कबाना जिंकले, आणि दोघांनीही पट्ट्याकडे पाठ फिरवली.

२०१७ मध्ये संगीतकार बिली कॉर्गन यांनी एनडब्ल्यूएचे नाव, हक्क आणि किताब विकत घेतले. तेव्हाचे विजेते टिम स्टॉर्म हे पन्नाशी ओलांडलेले शिक्षक होते. त्यांच्याकडून तो निक ऑल्डिस यांच्याकडे गेला, आणि १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ ‘ऑल इन’ या स्वतंत्र खेळात, ११ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, कोडी रोड्स यांनी तो जिंकला. त्यांचे वडील डस्टी तीन वेळा विजेते होते. पिता-पुत्र दोघांकडे हा किताब येण्याची ती पहिलीच वेळ. आता मात्र मतदान नाही, संचालक मंडळही नाही. किताब एका माणसाच्या मालकीचा आहे, आणि हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आहे असे मी मानतो.

मग दारासिंग एनडब्ल्यूएचे जगज्जेते होते का?

मे १९६८ मध्ये मुंबईत दारासिंग यांनी लू थेझ यांना हरवले आणि ते जगज्जेते झाले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. एनडब्ल्यूएच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही. कारण सरळ आहे: थेझ यांनी तो किताब जानेवारी १९६६ मध्येच सेंट लुईसला किनिस्की यांच्याकडे गमावला होता आणि १९६९ पर्यंत तो किनिस्कींकडेच राहिला. मुंबईच्या लढतीत तो पट्टा पणाला लागलेलाच नव्हता, आणि मंडळाची मान्यता नसलेल्या लढतीत तो हातबदल करूही शकत नव्हता. दारासिंग यांचे जगज्जेतेपद त्यांचे आयोजक आणि इथले प्रेक्षक यांनी मानलेले होते, जसे न्यूयॉर्कने सामार्तिनो यांना आणि मिनियापोलिसने गान्ये यांना मानले. त्या काळात प्रत्येक जगज्जेतेपद अशाच कोणा ना कोणा मंडळींच्या शब्दावर उभे होते. एनडब्ल्यूएच्या बाजूने शब्द देणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी होती, इतकेच.